पान उलटून

भालूदादाला आता पान दिसत नाही.
उजेड दिसतो, खिडकीची चौकट दिसते,
माझ्या साडीचा रंग सांगतो तो, बहुतेक चुकीचा.
तरी सहकारनगरातली माणसं सकाळी येतातच,
कात्रज दुधाच्या रिकाम्या पिशवीत
जास्वंदीची फांदी, मिरचीचं रोप मुळासकट घेऊन,
आणि दादा मला म्हणतो, 'वाच.'

छापखान्यात सव्वीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
गळलेला अनुस्वार झोपेतही टोचायचा.
आता ठिपके वाचते.
'कड आहे का ठिपक्याला? भोवती पिवळं वलय?
शिरेपाशी अडलाय की ओलांडून गेलाय?
आणि आधी पान उलट.
वरची बाजू सगळ्यांनाच दिसते.'

खरंच, मजकूर मागेच असतो.
दिवे घाटापलीकडून आलेल्या अंजिराच्या पानामागे तांबेरा,
विटेची भुकटी बोटाला लागावी तसा.
कुंभोजकरांच्या दोडक्यावर केवडा.
केवडा! मी पहिल्यांदा हसलेच होते,
रोगाला असं नाव कुणी ठेवलं म्हणून.
'ज्याचं पीक गेलं नव्हतं त्यानं,' दादा म्हणाला.

हेमाडेबाईंचा टोमॅटो हिरवागार असून
दुपारी मान टाकायचा.
दादानं खोड कापून
काचेच्या पेल्यात, पाण्यात टांगायला लावलं.
'हलवू नकोस. बोलूही नकोस.'
मिनिटभरानं कापातून एक दुधी धागा
सरळ खाली उतरू लागला,
इतका शांत, की मला तो सुंदर वाटला.
'उतरला,' मी म्हणाले.
'मग उपटा. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं
वांगं नको, मिरची नको. मका लावा.'
बाई तरी औषधाचं नाव मागत राहिल्या.

करप्याला तो मोरचूद आणि चुना सांगतो,
दोन प्लास्टिकच्या बादल्या, तिसरीत एकदम ओतायच्या,
मग लोखंडी खिळा बुडवून बघायचा.
तांबूस झाला तर चुना कमी पडलाय.
'खिळा खोटं बोलत नाही,'
हे तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला,
किंवा खिडकीकडे.

कारण मागच्या अंगणातली पपई.
तिचं बी लावलं तेव्हा त्याला रंग दिसत होते.
दिवाळीपासून शेंड्याची पानं
गोधडीसारखी, पिवळी-हिरवी,
देठांवर तेलाचे ओघळ.
'पपई कशी आहे गं?'
'बरी आहे.'
महिनाभर मी शुद्ध प्रत वाचून दाखवली.

रविवारी भिंत धरत तो एकटाच मागे गेला.
कोवळं पान बोटांत घेतलं, दोरीसारखं चिंचोळं झालेलं.
मग फळावरून अंगठा फिरवला, सावकाश,
जुन्या नाण्यावरचं साल चाचपावं तसा.
वलयात वलय. शेजारी आणखी एक.
'तू ओळ गाळलीस,' तो म्हणाला.

यावर औषध नाही, हे मी त्याच्याच तोंडून
शंभरदा ऐकलंय.
मावा इथे सोंड टेकतो आणि तिकडे नेतो;
मुलाण्यांच्या गच्चीवर भोपळ्याचा वेल आहे,
कोपऱ्यावरच्या शाळेत नुकत्या लावलेल्या बारा पपया.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद
कपाटात आहे, इरकलीच्या घडीत.
तोही मी त्याला असाच वाचून दाखवलाय.
'एकच ओळ?' मी विचारलं.
त्यानं फळाला पुन्हा हात लावला.
'आज पपईचं बघू.'

फिरदोस मुलाणीनं पहार आणली.
फार जोर लागला नाही, खोड आतून पोकळच असतं.
कोयता तिनं धुतला, मी पुसला,
कच्ची फळं दोन घरांत वाटून घेतली,
माणसाला त्या रोगाचं काही होत नाही.
रात्री मी कोशिंबीर केली.
'मीठ कमी आहे,' दादा म्हणाला.
होतं कमी.